यू-डायस, अपार आणि संच मान्यता: केजमधल्या एका ऑनलाइन केंद्राचा अनुभव

बीड जिल्ह्यातल्या केजमध्ये पंचायत समितीच्या अलीकडच्या गल्लीत एक झेरॉक्स आणि ऑनलाइन सेवा केंद्र आहे. बोर्डावर नेहमीचीच कामं लिहिलेली आहेत: पीक विमा, पॅन कार्ड, उत्पन्नाचा दाखला, रेल्वे तिकीट. शाळेच्या कामाचा उल्लेखही नाही. पण शनिवारी सकाळची शाळा सुटली की आत बसलेल्यांत निम्मे तरी मुख्याध्यापक असतात. माझ्या शाळेची बहुतेक ऑनलाइन कामं मी आता इथंच करते. नव्यानं पदभार घेतलेले शिक्षक फोन करून विचारतात, बाई, यू-डायस (शाळांची माहिती भरायचं सरकारी पोर्टल) कुठं भरता, म्हणून एकदा नीट लिहून काढते आहे. दुकानाचं नाव देत नाही, मालकांनीच तशी विनंती केली आहे. गल्लीत कुणालाही विचारलं तरी सापडतं.

आधी गरज काय आहे ते सांगते, म्हणजे दुकानाचं मोल कळेल. माझी शाळा जिल्हा परिषदेची, पहिली ते पाचवी, दोन शिक्षकी. पट साठच्या आत असला की शिक्षण हक्क कायद्याच्या तक्त्याप्रमाणं शिक्षक दोन. स्वतंत्र मुख्याध्यापक हवा तर पट दीडशेच्या वर लागतो. आमच्या तालुक्यातल्या वस्तीशाळांना, छोट्या गावांना दीडशे कुठून येणार? तेव्हा दोघांतला जो सेवाज्येष्ठ, त्याच्याकडं प्रभार. वर्ग कमी होत नाहीत, शिकवणं कमी होत नाही, वर सगळा कारभार येतो. प्राथमिक शाळेला ना कारकून, ना शिपाई. शहरातल्या नातेवाइकांना हे सांगितलं की त्यांना पटतच नाही.

आणि कारभार म्हणजे काय? सकाळी हजेरी मोबाइलवर चॅटबॉटमध्ये टाकायची. दुपारी पोषण आहाराचे लाभार्थी भरायचे, पहिली ते पाचवीच्या लेकराला १०० ग्रॅम तांदूळ या हिशेबानं साठा जुळवायचा. चाचण्यांचे गुण प्रश्नानुसार ऑनलाइन चढवायचे. अपार आयडी म्हणजे विद्यार्थ्याचा देशभर चालणारा ओळख क्रमांक, त्यासाठी पालकांची संमतिपत्रं गोळा करायची. सगळ्यांत मोठं काम यू-डायस प्लसचं. २०२२-२३ पासून त्यात शाळेची गोळाबेरीज चालत नाही, एकेका विद्यार्थ्याची माहिती लागते. एका लेकरामागं तीन भाग: सामान्य माहिती, प्रवेशाची माहिती, मिळालेल्या सुविधा. शाळेत संगणक आहे, पण इंटरनेट म्हणजे माझ्या मोबाइलचा हॉटस्पॉट, आणि रेंज बांधाकडच्या लिंबाखाली गेल्यावर येते. एका बाजूला पोर्टल फिरत राहणार आणि दुसऱ्या बाजूला पाच वर्ग दोन खोल्यांत बसलेले. त्यापेक्षा शाळा सुटल्यावर केजला येऊन काम करणं परवडतं.

आता केंद्राविषयी. चालवणारे दादा स्वतः डी.एड. झालेले आहेत. शिक्षक भरती वर्षानुवर्षं थांबली, त्या काळात डी.एड. होऊन बसलेली आपल्याकडची मुलं किती आहेत हे मराठवाड्यात सांगायला नको. भरतीची वाट बघता बघता त्यांनी हे दुकान टाकलं. याचा उपयोग असा की जनरल रजिस्टर (शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक लेकराची नोंदवही) म्हणजे काय, दाखला कशावरून निघतो, पट कोणत्या तारखेचा धरतात, हे त्यांना समजावून सांगावं लागत नाही. नवीन परिपत्रक आलं की ते मुळातून वाचतात आणि कामाच्या ओळीखाली पेनानं रेघ मारून भिंतीवर लावतात. व्हॉट्सअपवर फिरणाऱ्या मेसेजवर विश्वास ठेवून कुणी घाईघाईनं आलं की आधी त्या भिंतीकडं बोट दाखवतात.

एक काम जवळून सांगते. माझ्या तिसरीतल्या एका लेकराचं आधार व्हॅलिड होत नव्हतं. रजिस्टरला नाव लक्ष्मण, आधारला लखन. रजिस्टरला जन्म जूनमधला, आधारला १ जानेवारी. आपल्याकडं ज्यांची तारीख माहीत नाही अशा कितीतरी जणांच्या आधारवर १ जानेवारीच असते. लेकरू रोज समोर बसतं, हावभाव करून कविता म्हणतं, पण आधार जुळलं नाही तर संच मान्यतेच्या, म्हणजे पटाप्रमाणं शिक्षकांची पदं मंजूर करण्याच्या हिशेबात ते धरलं जात नाही. आणि आमच्यासारख्या शाळेत एका-दोघा लेकरांवरून शिक्षकाचं पद राहतं किंवा जातं. संच मान्यतेचे निकष बदलणाऱ्या १५ मार्च २०२४ च्या शासन निर्णयानंतर वीसच्या आसपास पट असलेल्या प्रत्येक मुख्याध्यापकाला ही धास्ती आहे.

दुसऱ्या एका केंद्रात मला सरळ सांगितलं होतं, मॅडम, तुमच्या रजिस्टरलाच आधारप्रमाणं करून टाका, दोन मिनिटांचं काम. इथं दादांनी दोन्ही कागद शेजारी ठेवले, बराच वेळ बघितले आणि म्हणाले, "बाई, रजिस्टरला हात लावू नका. ग्रामपंचायतीत जन्माची नोंद आहे का ते आधी बघा. आधारवर जन्मतारीख एकदाच बदलून मिळते. कागद पक्का असल्याशिवाय ती संधी घालवू नका." मी ग्रामसेवकाकडून जन्माचा दाखला काढला. तारीख रजिस्टरचीच निघाली. मग पालकांना आधार केंद्रावर पाठवलं, नाव आणि तारीख दुरुस्त झाली, आणि पुढच्या वेळी पोर्टलवर हिरवी खूण आली. या सल्ल्याचे त्यांनी पैसे घेतले नाहीत. पुढं दहावीच्या फॉर्मला, जातीच्या दाखल्याला त्या लेकराला जो त्रास झाला असता तो वाचला.

दुसरी गोष्ट पासवर्डची. शाळेचा लॉगिन पासवर्ड ते स्वतःकडं ठेवत नाहीत. मुख्याध्यापकानं समोर बसून टाकायचा, ओटीपी आपल्याच मोबाइलवर घ्यायचा, काम झालं की लॉगआउट करून दाखवतात. स्कॅन केलेली आधार कार्डं आपल्या पेनड्राइव्हवर देतात आणि संगणकावरची फाइल आपल्यादेखत काढून टाकतात. हे मी मुद्दाम लिहिते, कारण सगळीकडं असं नसतं. एका ठिकाणी मी लेकरांच्या आधारच्या बिघडलेल्या झेरॉक्सच्या पाठकोऱ्या बाजूवर दुसऱ्या गिऱ्हाइकाचा हिशेब मांडलेला पाहिला. पालकांनी आपल्यावर भरवसा ठेवून दिलेले कागद होते ते. लेकरांची माहिती वापरताना पालकांची संमती लागते हे २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात आलं आहे, पण कायदा नसता तरी हे चालवून घेण्यासारखं नाही. शासनानं माहिती मागताना ती भरणार कोण आणि कुठं बसून, याचा विचार आधी करायला हवा. लेकराचं नाव, आईचं नाव, जात, आधार, आजार, एवढं सगळं घेऊन मुख्याध्यापक बाजारातल्या दुकानात जातो, ही व्यवस्था चुकीची आहे. हे केंद्र चांगलं आहे म्हणून ती बरोबर ठरत नाही.

दर सांगते. साधी झेरॉक्स २ रुपये, प्रिंट ५, रंगीत प्रिंट १०, लॅमिनेशन २०. यू-डायसची माहिती आपण स्वतः भरली तर तासाप्रमाणं, त्यांनी भरली तर विद्यार्थ्यामागं १० रुपये. पक्की पावती शाळेच्या नावानं देतात. लेखापरीक्षणात एकेका पावतीवरून विचारणा होते, तेव्हा याची किंमत कळते. समग्र शिक्षा योजनेत ३१ ते १०० पटाच्या शाळेला संयुक्त शाळा अनुदान वर्षाला २५ हजार रुपये असं मानक आहे. त्यातच खडू, फळ्याचा रंग, किरकोळ दुरुस्ती, आणि किमान दहा टक्के स्वच्छतेवर. पैसा पीएफएमएस या सरकारी ऑनलाइन प्रणालीतून थेट दुकानदाराच्या खात्यात जातो, म्हणून दुकानदार तिथं नोंदलेला लागतो आणि थांबायची तयारी लागते. दादांची नोंद आहे. पैसे जमा व्हायला दोन-तीन महिने लागले तरी त्यांनी कधी फोन करून टोकलं नाही.

पण मी या केंद्रावर सगळ्यांत जास्त खूश आहे ती तिथल्या बाकामुळं. नंबर येईपर्यंत थांबावं लागतं, आणि त्या वेळात तालुक्यातले मुख्याध्यापक एकमेकांशी बोलतात. शिक्षण खात्याच्या गट साधन केंद्रातल्या बैठकीत आम्ही ऐकतो, लिहून घेतो, माहिती कधी द्यायची ती तारीख घेऊन उठतो. धोरणाविषयी खरं बोलणं इथं होतं.

बंजारा तांड्यावरच्या शाळेचे एक सर तिथं नेहमी भेटतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मधला त्यांना सगळ्यांत पटलेला भाग म्हणजे शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण. ते म्हणाले, "पहिलीचं लेकरू दिवाळीपर्यंत माझ्याकडं नुसतं बघत बसतं बाई. घरी सगळं गोरमाटीत. त्याला माझी मराठी कळत नाही, अन् मला त्याची भाषा जेमतेम येते." गोरमाटी म्हणजे बंजारा बोली. धोरणात लिहिलंय, पुस्तक मात्र मराठीचंच येतं. २०२६-२७ पर्यंत तिसरी संपेतो प्रत्येक लेकराला समजून वाचता आलं पाहिजे हे केंद्राच्या निपुण भारत अभियानाचं लक्ष्य, आणि त्यांच्या शाळेत वाचनाच्या आधी भाषेचाच ओढा ओलांडायचा आहे. मग त्यांनी तांड्यातल्या दोन आज्यांना बसवून घरातल्या, शेतातल्या वस्तूंची नावं लिहून घेतली, चित्रं काढली, एका बाजूला गोरमाटी आणि दुसऱ्या बाजूला मराठी अशी कार्डं केली. दादांनी ती नीट मांडून छापून, लॅमिनेट करून दिली, कोपरे गोल कापून, लेकरांच्या हाताला लागू नयेत म्हणून. मी ती हातात घेऊन बघितली आहेत. तालुक्यातल्या प्रत्येक तांड्यावर असा संच जायला हवा, आणि त्याचा खर्च सरांच्या खिशातून होता कामा नये.

याच बाकावर गेल्या वर्षी हिंदीचा विषय रंगला होता. १६ एप्रिल २०२५ ला पहिलीपासून हिंदी सक्तीची झाली, जूनमध्ये निर्णय बदलून आला, २९ जूनला दोन्ही रद्द झाले आणि नरेंद्र जाधव यांची समिती नेमली गेली. राजकारण आम्ही बाजूला ठेवलं होतं. दोन शिक्षकांनी पाच वर्गांना आणखी एक भाषा कोणत्या तासाला शिकवायची, एवढाच आमचा प्रश्न होता. निर्णय घेण्याआधी कुणी दोन शिक्षकी शाळेच्या वेळापत्रकावर हा तास बसवून बघितला असता, तर पहिल्याच दिवशी अडचण कळली असती.

टीईटीचं, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचं दुःख वेगळं आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १ सप्टेंबर २०२५ च्या निकालानं, ज्यांची सेवा पाच वर्षांपेक्षा जास्त उरली आहे त्या टीईटी नसलेल्या शिक्षकांना दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं आहे. नोव्हेंबरच्या परीक्षेचे फॉर्म भरायला या केंद्रात रांग होती, आणि त्या रांगेत बावन्न वर्षांचे एक मुख्याध्यापक होते. त्यांच्या हाताखाली शिकलेली मुलं आज शिक्षक आहेत. फोटो अपलोड होताना ते स्क्रीनकडं बघतही नव्हते. माझं मत असं की पात्रतेचा आग्रह योग्यच आहे, अभ्यास करणारा शिक्षक लेकरांच्या फायद्याचाच. पण ज्या माणसाला रोज रात्री पोर्टल उघडायला लावलं जातं त्यानं अभ्यास कधी करायचा, हे परीक्षा ठरवणाऱ्यांनी बघायला हवं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला बिगरशैक्षणिक काम देऊ नये असं स्पष्ट आहे. ऑनलाइन माहितीचं काम या तिन्हींत बसत नाही, आणि वर्षभरात सगळ्यांत जास्त वेळ तेच खातं.

अनुदानित माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक आले की वेतनेतर (पगार सोडून इतर खर्चाच्या) अनुदानाचा आणि शिपायांचा विषय निघतो. डिसेंबर २०२० च्या निर्णयानं शिपायांची पदं जाऊन भत्ता आला, तेव्हापासून घंटा देण्यापासून सगळं कसं चालतं ते ते सांगतात. त्यांच्याकडं निदान लिपिक आहे, असं आम्ही प्राथमिकवाले म्हणतो आणि तो विषय तिथंच थांबतो.

ऊसतोडीचा प्रश्न मात्र आमचा सगळ्यांचा. दिवाळी झाली की मुकादमाच्या गाड्या लागतात आणि वर्गातली लेकरं आईबापाबरोबर कारखान्यांकडं जातात. आम्ही शिक्षण हमी कार्ड देतो, आजी-आजोबा असतील तर हंगामी वसतिगृहाच्या यादीत नाव घालून लेकराला गावातच ठेवायचा प्रयत्न करतो. पण गेलेल्या लेकराचं पोर्टलवर काय करायचं? तिकडच्या शाळेनं आपल्याकडं ओढून घेतलं तर इकडचा पट घटतो, आणि मार्च-एप्रिलमध्ये ते परत आलं की पुन्हा त्याच्या कायम शिक्षण क्रमांकावरून ड्रॉप बॉक्समधून (शाळा सोडलेल्यांच्या पोर्टलवरच्या यादीतून) शोधून आणायचं. दादांनी यासाठी प्रत्येक शाळेला एक साधी वही करायला लावली: लेकराचा क्रमांक, जन्मवर्ष, कोणत्या कारखान्याच्या भागात गेलं, मुकादमाचा फोन. पोर्टलवर अशी सोय नाही. माझ्या या वर्षीच्या गेलेल्या लेकरांपैकी एकही या वहीमुळं हरवलं नाही.

आता उणिवा. जागा फार कमी आहे. बसायला एक बाक आणि चार खुर्च्या, पंखा एकच. महिलांसाठी स्वच्छतागृह नाही, शेजारच्या दवाखान्यात विनंती करावी लागते. दिवसभर येणाऱ्या शिक्षिकांसाठी ही मोठी अडचण आहे आणि मी ती दादांना स्पष्ट सांगितली आहे. पायऱ्या उंच आहेत. वीज गेली की इन्व्हर्टरवर एकच संगणक चालतो. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये शाळेचं काम घेऊन जाऊच नये असं वाटण्याइतकी गर्दी असते. २०२५ ला अतिवृष्टीच्या मदतीचं ई-केवायसी, लाडक्या बहिणीचं ई-केवायसी आणि आमचा ३० सप्टेंबरचा पट, सगळं एकदमच आलं. ज्याचं सोयाबीन पाण्यात गेलंय त्या माणसाच्या पुढं मी माझी फाइल सरकवू शकले नाही, आणि दादांनीही शेतकऱ्यांना आधी घेतलं ते बरोबरच केलं. पण शाळांसाठी ठरावीक वेळ ठेवायला हवी.

त्याच अतिवृष्टीच्या पुरात मांजरा नदीकाठच्या एका शाळेत पाणी शिरलं. त्या मुख्याध्यापिका पोत्यात गुंडाळून जनरल रजिस्टरं घेऊन आल्या. सगळ्यांत जुनं हैदराबाद संस्थान विलीन झाल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतलं, शाई पसरायला लागलेली. कुणबी नोंदींच्या शोधासाठी अलीकडं जुन्या रजिस्टरांना किती हात लागतात आणि एका पानावर किती घरांचं अडलेलं असतं, हे तालुक्यात सगळ्यांना माहीत आहे. दादांनी त्या दिवशी दुपारनंतर दुसरं काम घेतलं नाही. पानांच्या मध्ये कोरे कागद घालून, पंख्याखाली वाळवून, एकेक पान प्लास्टिकच्या पट्टीनं उचलून स्कॅन केलं. शाई फिकट झालेल्या ओळी वाचायला गावातले एक निवृत्त गुरुजी बोलावले. बिल फक्त कागदाचं लावलं. त्यानंतर मी माझ्याही शाळेची रजिस्टरं तिथं स्कॅन करून घेतली, एक प्रत शाळेत, एक शिक्षण खात्याच्या केंद्रप्रमुखांकडं. कुठलंही पोर्टल मागत नसलं तरी प्रत्येक मुख्याध्यापकानं हे या उन्हाळ्यात करून घ्यावं.

जाणार असाल तर एवढं करा. शनिवार टाळा, मंगळवार-बुधवारी चारनंतर गर्दी कमी असते. पोर्टलही संध्याकाळी सातनंतर बरं चालतं, आणि आधी सांगून ठेवलं तर दादा साडेआठपर्यंत थांबतात. जाताना जनरल रजिस्टरच्या त्या पानांचे फोटो, पालकांची सही असलेली संमतिपत्रं, स्वतःचा पेनड्राइव्ह, आणि शाळेच्या लॉगिनला जोडलेला मोबाइल चार्ज करून न्या. आधी फोन करून नेट चालू आहे का ते विचारा. आणि लेकरांच्या कागदांच्या बिघडलेल्या प्रती मागून घ्या, ते स्वतःहून देतातच, पण आपण मोजून घ्याव्यात.